बंद कवटीतला दाब : डॉ. हार्वे कुशिंग

कॉलेजच्या ऍडमिशनच्या वेळी मेडिकल फिटनेसचे सर्टिफिकेट लागते. तेव्हा डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळून, रबरी फुगा दाबून बीपी मोजलेले बहुतेकांना आठवत असेल. सुई नाही, रक्त नाही, दोन मिनिटांत काम खलास. रक्तवाहिनीला धक्काही न लावता तिच्या आतला दाब बाहेरून मोजता येतो, याचे आता कुणालाच नवल वाटत नाही. पण आपल्याच शरीरात एक दाब असा आहे, की जो बाहेरून अचूक मोजणे अजूनही अवघड आहे. आणि तो वाढला तर माणूस काही तासांत जाऊ शकतो. तो म्हणजे कवटीच्या आतला दाब.

गंमत अशी, की या दोन्ही दाबांच्या गोष्टीत एकच माणूस मध्यभागी उभा आहे. डॉ. हार्वे कुशिंग. मेडिकलच्या मुलांना हे नाव 'कुशिंग्ज सिंड्रोम'मुळे पाठ असते. आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी मात्र त्यांच्याकडे वेगळ्या कारणासाठी पाहायला हवे. जे दिसत नाही ते मोजायचे, जे मोजले ते लिहून ठेवायचे, आणि लिहिलेल्यावरून पुढचे पाऊल टाकायचे, ही आपल्या धंद्याची सवय या माणसाने ऑपरेशन थिएटरमध्ये नेली.

हार्वेचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात झाला. दहा भावंडांतला हा शेंडेफळ. घरात डॉक्टरकी चालत आलेली. वडील डॉक्टर, आजोबा डॉक्टर, पणजोबाही डॉक्टर. वडील शिस्तीचे कडक. हार्वे येल विद्यापीठात शिकायला गेला आणि वडिलांच्या फारसे मनात नसतानाही तिथे बेसबॉल खेळला. १८९१ मध्ये पदवी घेऊन तो बॉस्टनला हार्वर्डच्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाला. चित्रे काढायचा त्याला नाद होता. पुढे आयुष्यभर तो आपल्या शस्त्रक्रियांची चित्रे स्वतः काढत राहिला.

हार्वर्डमध्ये शिकत असतानाच त्याच्या आयुष्यातला पहिला मोठा धक्का बसला. त्या काळी रुग्णाला भूल द्यायचे काम विद्यार्थ्यांकडे असे. कापडावर इथर ओतायचे आणि ते नाकाशी धरायचे, एवढेच ट्रेनिंग. किती द्यायचे, कधी थांबायचे, हे कुणी शिकवत नसे. एकदा हार्वेला समोर बोलावून भूल द्यायला सांगितले आणि तो देत असतानाच तो रुग्ण दगावला. सर्जनने त्याचे फार काही मनावर घेतले नाही, कारण असे होतच असे. पण हार्वेच्या ते डोक्यातून जाईना. वैद्यकी सोडून द्यावी इथपर्यंत त्याचे मन गेले होते.

त्याने वैद्यकी सोडली नाही. अर्नेस्ट कॉडमन नावाचा त्याचा वर्गमित्र होता. दोघांनी पैज लावली, की आपल्या दोघांत भूल कोण चांगली देतो ते बघू. आता चांगली म्हणजे काय हे ठरवायचे तर आकडे हवेत. म्हणून दोघांनी एक तक्ता बनवला. शस्त्रक्रिया चालू असताना दर काही मिनिटांनी रुग्णाची नाडी किती, श्वास किती, इथर किती दिले, हे त्या तक्त्यावर मांडायचे. साधा ग्राफ पेपर आणि पेन्सिल! पण त्यामुळे रुग्ण खाली चालला आहे हे तो जायच्या आधी दिसायला लागले. १८९५ च्या सुमाराचे हे तक्ते आजच्या भूलशास्त्रातल्या नोंदींची सुरुवात समजली जातात. आयसीयूमधल्या मॉनिटरवर जी हिरवी रेघ पळत असते तिचे मूळ दोन विद्यार्थ्यांच्या पैजेत आहे, हे आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१८९५ मध्ये एमडी होऊन, वर्षभर बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये काम करून कुशिंग बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये आले. तिथे विल्यम हॉल्स्टेड हे त्यांचे गुरू. हॉल्स्टेड अत्यंत सावकाश आणि हलक्या हाताने शस्त्रक्रिया करत. भराभर कापणारा तो भारी सर्जन, असे मानायच्या त्या काळात ही उलटी गोष्ट होती. कुशिंग यांनी ती पुरती उचलली. मेंदूसारखा नाजूक अवयव पुढे त्यांच्या हाताला लागायचा होता, त्याची ही तयारीच म्हणायची. रंटगेन यांचे क्ष-किरण नुकतेच जगासमोर आले होते. ते यंत्र बाल्टिमोरमध्ये चालवून बघणाऱ्या पहिल्या लोकांत कुशिंग होते.

१९०० मध्ये ते वर्षभराहून थोड्या अधिक काळासाठी युरोपला गेले. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात थिओडोर कोखर हे नामवंत सर्जन होते. त्यांना पुढे १९०९ मध्ये नोबेल मिळाले. कोखर यांनी या तरुण अमेरिकन पाहुण्याला एक प्रश्न दिला. मेंदूवर बाहेरून दाब आला तर मेंदूतल्या रक्ताभिसरणाचे काय होते?

हा प्रश्न नीट समजून घेऊ, कारण पुढचे सगळे यावरच उभे आहे. मोठ्या माणसाची कवटी ही हाडाची बंद पेटी आहे. तिच्यात साधारण ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त आणि १० टक्के मेंदूभोवतीचे पाण्यासारखे द्रव असते. पेटी ताणली जात नाही आणि आतला मालही दाबून लहान होत नाही. म्हणजे एक वस्तू वाढली तर दुसरी बाहेर जायला हवी. हा नियम एडिंबरोचे अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि त्यांचे शिष्य जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडला. डोक्याला मार लागून आत रक्त साचले किंवा मेंदू सुजला, की आधी ते द्रव मणक्याकडे सरकते, मग शिरांमधले रक्त बाहेर ढकलले जाते. तोवर दाब फारसा वाढत नाही. पण ही जागा संपली की पुढे थोडीशी सूज वाढली तरी दाब एकदम वर उसळतो. ग्राफ काढला तर आधी सपाट आणि मग उभा चढ. म्हणून तर डोक्याला मार लागलेला माणूस तासभर नीट बोलतो आणि मग अचानक बेशुद्ध होतो.

कुशिंग यांनी बर्नमध्ये क्रोनेकर यांच्या प्रयोगशाळेत भूल दिलेल्या कुत्र्यांवर प्रयोग केले. कवटीला भोक पाडून त्यातून मिठाचे पाणी आत सोडायचे आणि त्याचा दाब हवा तसा कमीजास्त करायचा. कवटीत दुसरीकडे काचेची छोटी खिडकी बसवायची आणि तिच्यातून मेंदूवरच्या रक्तवाहिन्या डोळ्यांनी पाहायच्या. त्याच वेळी धमनीतला रक्तदाब दुसऱ्या यंत्रावर लिहिला जात होता. मेंदूवरचा दाब रक्तदाबाच्या वर गेला की खिडकीतल्या रक्तवाहिन्या पांढऱ्या पडत, म्हणजे रक्त थांबले. पण थोड्याच वेळात शरीराचा रक्तदाब आपोआप चढे, मेंदूवरच्या दाबाच्या वर जाई, आणि रक्तवाहिन्या पुन्हा लाल होत. दाब आणखी वाढवला की रक्तदाब आणखी वर! अशी ही चढाओढ शरीर थकेपर्यंत चाले.

कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर ज्यांनी दिला आहे त्यांना हे लगेच ओळखू येईल. हा फीडबॅक लूप आहे. मेंदूच्या देठाला रक्त कमी पडले, की तो शरीरभरच्या रक्तवाहिन्या आवळायचा हुकूम सोडतो आणि रक्तदाब वाढवून स्वतःचा पुरवठा वाचवतो. रक्तदाब वाढलेला, नाडी मंदावलेली आणि श्वास अनियमित, या तीन खुणा एकत्र दिसल्या तर कवटीत दाब धोक्याच्या पातळीला गेला आहे, हे आजही प्रत्येक डॉक्टरला शिकवतात. त्याला कुशिंग यांचेच नाव आहे. खरे तर रक्तदाब असा चढतो हे जर्मनीत नाउनिन आणि श्रायबर यांनी १८८१ मध्येच पाहिले होते. कुशिंग यांनी ते बारकाईने, आकड्यांनिशी आणि काचेच्या खिडकीतून दाखवून दिले.

यात एक कडू गोष्टही आहे. या खुणा ही कवटीतल्या दाबाची सगळ्यात जुनी 'बाहेरून मोजणी' आहे. कवटीला हात न लावता आतले कळते. पण हा अलार्म फार उशिरा वाजतो. तो वाजतो तेव्हा मेंदू शेवटची लढाई लढत असतो.

बर्नहून कुशिंग इटलीत तुरिनला गेले. तिथे अँजेलो मोसो होते. कवटीचे हाड गेलेल्या रुग्णांच्या मेंदूची धडधड त्यांनी पूर्वी यंत्रावर टिपली होती. मे १९०१ मध्ये कुशिंग पाविया गावच्या हॉस्पिटलमध्ये पोचले. तिथे त्यांना एक साधेसे उपकरण रोजच्या वापरात दिसले. सिपिओने रिवा-रोची यांनी ते १८९६ मध्ये जाहीर केले होते. दंडाभोवती रबरी नळीचा पट्टा, हवा भरायचा फुगा आणि पाऱ्याचा मॅनोमीटर. हवा भरत जायचे, मनगटाची नाडी लागेनाशी झाली की पारा वाचायचा. कुशिंग यांनी त्याचे चित्र काढून घेतले आणि ते उपकरण अमेरिकेत नेले. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला शेरिंग्टन यांच्याकडे काही आठवडे काम करून ते बाल्टिमोरला परतले, आणि त्यांच्या भुलीच्या तक्त्यावर नाडी आणि श्वासाच्या जोडीला तिसरी रेघ आली. रक्तदाबाची.

आता तुम्हाला वाटेल लोकांनी डोक्यावर घेतले असेल. छे! कुशिंग यांनी बॉस्टनला जाऊन या पट्ट्यावर व्याख्यान दिले. हार्वर्डच्या सर्जन मंडळींनी त्यावर विचारविनिमय केला आणि निष्कर्ष काढला, की जाणत्या बोटाने नाडी पाहणे याहून जास्त उपयोगाचे आहे. नवीन मीटर आला की जुना फोरमन म्हणतो, आम्हाला हाताला कळतं. तसेच हे झाले. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कॉव्ह यांनी स्टेथोस्कोपने धमनीचा आवाज ऐकायची युक्ती दिली आणि मग बोटांचा आग्रह हळूहळू मागे पडला.

१९०२ मध्ये कुशिंग यांनी क्लीव्हलँडच्या कॅथरिन क्रॉवेल यांच्याशी लग्न केले. त्यांना पाच मुले झाली. पण घरी ते कमीच असत. मेंदूच्या शस्त्रक्रियेला त्यांनी स्वतःला वाहून घेतले होते. त्या काळी कवटी उघडणे म्हणजे जवळजवळ मरणाचे तिकीट. रक्तस्राव थांबत नसे, आणि कवटी उघडताच दाबाने फुगलेला मेंदू बाहेर येई. कुशिंग यांनी एकेक अडचण हातात घेतली. १९०५ मध्ये त्यांनी कानाच्या वर, स्नायूच्या आडच्या हाडाचा तुकडा काढून मेंदूला फुगायला जागा करून द्यायची शस्त्रक्रिया मांडली. १९०८ मध्ये तीच कवटी फुटलेल्या अपघाताच्या रुग्णांसाठी वापरल्याचे लिहिले. म्हणजे प्रेशर वेसलला रिलीफ द्यायचा, हाच विचार. आजही काहीच उपाय चालत नाही तेव्हा हाड काढून जागा करतात. १९११ मध्ये त्यांनी बारीक रक्तवाहिन्या बंद करायला चांदीच्या छोट्या क्लिपा आणल्या.

१९१० मध्ये त्यांनी जनरल लेनर्ड वुड यांच्या मेंदूच्या आवरणावरची गाठ काढली. वुड त्याच वर्षी अमेरिकन लष्कराचे चीफ ऑफ स्टाफ झाले आणि कुशिंग यांचे नाव सगळीकडे गेले. १९२७ मध्ये ती गाठ परत वाढली, पुन्हा शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर काही तासांतच वुड गेले. यशाची बातमी आणि अपयशाचे ओझे अशा दोन्ही गोष्टी एकाच रुग्णाच्या बाबतीत कुशिंग यांच्या वाट्याला आल्या.

१९१२ मध्ये ते बॉस्टनला पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलचे मुख्य सर्जन म्हणून आले. मग पहिले महायुद्ध. १९१७ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीमागे ते डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते. सुरुवातीला निम्म्याहून जास्त सैनिक मरत. कुशिंग यांनी तिथेही पद्धत बसवली. इथरने मेंदू जास्त फुगतो म्हणून डोक्याला फक्त जागेपुरती भूल द्यायची, जखमेतला सगळा मेलेला भाग आणि हाडाचे तुकडे हलक्या हाताने काढायचे. खोलवर रुतलेले लोखंडी तुकडे काढायला त्यांनी चुंबक वापरला; मेंदूत साधा खिळा सारायचा आणि बाहेरून त्याला चुंबक लावायचा. खिळा हाच चुंबकाचा लांबवलेला ध्रुव! तीनेक महिन्यांत मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास उतरले. पण सगळे वाचत नव्हते. त्यांचे थोर स्नेही सर विल्यम ऑस्लर यांचा एकुलता एक मुलगा रिव्हीयर ऑगस्ट १९१७ मध्ये जखमी होऊन आला, तेव्हा कुशिंग रात्रीतून त्याच्याकडे पोचले. पण तो वाचला नाही. १९१८ मध्ये ते स्वतः नसांच्या आजाराने अंथरुणाला खिळले आणि पायांचे दुखणे पुढे कायमचे राहिले. ऑस्लर गेल्यावर कुशिंग यांनी त्यांचे मोठे चरित्र लिहिले, आणि त्याला १९२६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

ते १९२६ साल त्यांच्या आयुष्यात फार विचित्र होते. जून महिन्यात त्यांचा थोरला मुलगा विल्यम, येलचा विद्यार्थी, मोटार अपघातात गेला. आपल्याच वयाचा. बातमी कळल्यावर कुशिंग यांनी पत्नीला सांगितले आणि मग त्या दिवशीची ठरलेली शस्त्रक्रिया पार पाडली. याला काय म्हणायचे? कर्तव्य की कठोरपणा? त्यांच्या हाताखालची माणसे त्यांच्या तापट स्वभावाला आणि टोचून बोलण्याला वचकून असत. मुलांना वडील फारसे मिळाले नाहीत. पण टेबलावर झोपलेला रुग्णही कुणाचा तरी मुलगा होता, आणि तारीख पुढे ढकलली तर त्याचे काय झाले असते, हेही त्या डोक्यात असणार. मला तरी याचा निकाल लावता येत नाही.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला त्यांनी विल्यम बोव्ही या जीवभौतिकी संशोधकाचे विजेचे यंत्र शस्त्रक्रियेत वापरले. उच्च वारंवारतेच्या विद्युतप्रवाहाने कापतानाच रक्त थांबवायचे. रक्तस्रावामुळे अर्धवट सोडून दिलेल्या गाठी आता काढता येऊ लागल्या. सर्जन आणि भौतिकीवाला एका टेबलाशी उभे राहिले की काय होते, त्याचे हे उदाहरण. एप्रिल १९३१ मध्ये कुशिंग यांनी दोन हजारावी मेंदूची गाठ काढली. त्यांच्या शेवटच्या वर्षांत शस्त्रक्रियेतल्या मृत्यूंचे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आले होते. १९३२ मध्ये त्यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या त्या आजाराचे वर्णन छापले, ज्याला आज त्यांचे नाव आहे. नोबेलसाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, मिळाले मात्र कधीच नाही.

१९३३ मध्ये ते येलला परतले आणि ७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकाराने गेले. शवविच्छेदन झाले तेव्हा त्यांच्या मेंदूच्या मधल्या पोकळीत सुमारे एक सेंटिमीटरची गाठ सापडली. ही अशी गाठ असते, जी थोडी मोठी झाली तर मेंदूतल्या द्रवाची वाट अडवते आणि कवटीतला दाब वाढवते. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या डोक्यात गाठी शोधल्या, त्याच्या स्वतःच्या डोक्यात एक गाठ गुपचूप बसली होती, आणि बाहेरून कुणालाच कळले नव्हते.

हॉस्टेलवाल्यांसाठी एक खास माहिती. कुशिंग यांनी रुग्णांचे मेंदू, गाठी, फोटो आणि केस पेपर सगळे जपून ठेवले होते. मेंदूंच्या शेकडो बरण्यांचा हा साठा येलमध्ये गेला आणि नंतर कित्येक वर्षे मेडिकलच्या वसतिगृहाच्या तळघरात धूळ खात पडला. रात्री चोरून तिथे जायचे आणि भिंतीवरच्या फलकावर सही करून यायचे, अशी तिथल्या मुलांची प्रथाच पडली होती! अखेर २०१० मध्ये त्या बरण्या साफ करून येलच्या मेडिकल लायब्ररीत त्यांचे नीट प्रदर्शन मांडले गेले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कुशिंग यांनी दंडाचा दाब बाहेरून मोजायचे उपकरण रूढ केले. मग कवटीचा दाब? तो रुग्णावर सलग मोजायची पद्धत स्वीडनच्या निल्स लुंडबर्ग यांनी १९६० मध्ये दाखवली, पण त्यासाठी कवटीला भोक पाडून मेंदूच्या पोकळीत नळी घालावी लागते. आजही खात्रीची पद्धत हीच आहे. तिथे निरोगी माणसाचा दाब ७ ते १५ मिलिमीटर पारा असतो, म्हणजे पाण्याच्या स्तंभात फार तर २० सेंटिमीटर. २२ च्या वर गेला की उपचार करायचे असे २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. हिशोब साधा आहे. सरासरी रक्तदाबातून कवटीचा दाब वजा केला की मेंदूला रक्त ढकलणारा दाब मिळतो. रक्तदाब ९० आणि कवटीत १५ असेल तर उरले ७५. कवटीत ४० झाले तर ५०, आणि ६० ते ७० तरी हवेत! पण नळी घालायला न्यूरोसर्जन लागतो, रक्तस्रावाची आणि जंतुसंसर्गाची भीती असते, आणि छोट्या गावातल्या हॉस्पिटलमध्ये यातले काहीच नसते.

म्हणून बाहेरून मोजायचा शोध चालू आहे, आणि त्यात आपली जमात बरीच आहे. १९८२ मध्ये रुने आस्लिड यांनी कानशिलाच्या पातळ हाडातून २ मेगाहर्ट्झचा अल्ट्रासाउंड पाठवून मेंदूच्या धमनीतल्या रक्ताचा वेग डॉप्लर पद्धतीने मोजला. कुठे? बर्नमध्येच! कवटीत दाब वाढला की दोन ठोक्यांमधला वेग आधी पडतो. डोळ्यावर अल्ट्रासाउंड ठेवून डोळ्यामागच्या नसेचे आवरण किती फुगले आहे तेही पाहतात. साधारण ५ ते ६ मिलिमीटरच्या वर गेले तर शंका घ्यायची. ब्राझीलचे भौतिकशास्त्रज्ञ सर्जिओ मास्कारेन्हास यांच्या स्वतःच्याच मेंदूत पाणी साचायचा आजार निघाला. कवटी अगदीच ताठ नसते, दाबाने किंचित हलते, हे त्यांनी आपण लॅबमध्ये वापरतो त्या स्ट्रेन गेजने दाखवले. मेकॅनिकलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

पण या पद्धती दाब वाढतोय की कमी होतोय हे सांगतात, नेमका आकडा भरवशाने देत नाहीत. कारण कॅलिब्रेशन. दंडाला आपण बाहेरून माहीत असलेला दाब देतो आणि तोल साधला की वाचतो, व्हीटस्टन ब्रिजसारखे. कवटीला बाहेरून दाबणार कसे? लिथुआनियातल्या कौनास टेक्नॉलॉजी विद्यापीठाचे आर्मिनास रागाउस्कास यांनी त्यावर सुंदर युक्ती काढली. डोळ्याला रक्त नेणारी धमनी कवटीच्या आत सुरू होते आणि बाहेर डोळ्यापाशी येते. तिच्या दोन्ही भागांतले रक्ताचे ठोके डॉप्लरने एकाच वेळी पाहायचे, आणि डोळ्यावर अगदी हलका दाब पायरीपायरीने वाढवत न्यायचा. दोन्हीकडचे ठोके सारखे दिसले, की बाहेरचा दाब म्हणजेच आतला दाब. रिवा-रोची यांच्या पट्ट्याचाच हा नातू म्हणायचा. हे अजून सगळ्या हॉस्पिटलांत रोजच्या वापरात आलेले नाही. तिथेच आपल्यापैकी कुणाला तरी काम आहे.

आकडा मिळाला म्हणजे सगळे झाले असेही नाही. बोलिव्हिया आणि इक्वेडोरमध्ये ३२४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. नळी घालून दाब मोजलेल्या आणि न मोजता स्कॅन व तपासणीवर काळजीपूर्वक उपचार केलेल्या रुग्णांच्या निकालात मोठा फरक पडला नाही. म्हणजे मीटर महत्त्वाचा, पण रुग्णाकडे पुन्हापुन्हा जाऊन पाहणारा माणूसही तितकाच महत्त्वाचा. तक्ता हातात घेऊन दर पाच मिनिटांनी नाडी लिहिणाऱ्या त्या विद्यार्थ्याला हे नक्की पटले असते.

शेवटी कुशिंग यांच्या एका शिष्याचे सांगतो. ह्यू केर्न्स नावाचे तरुण ऑस्ट्रेलियन डॉक्टर १९२६-२७ मध्ये त्यांच्याकडे शिकून इंग्लंडला परतले. मे १९३५ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलवरून पडले. डोक्याला जबर मार लागून सहा दिवसांनी गेले. त्यांना पाहायला बोलावलेल्या डॉक्टरांत केर्न्स होते. ते मरण त्यांच्या मनाला लागले. त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास सुरू केला आणि १९४१ मध्ये तो छापला. हेल्मेट घातलेले फक्त सात जखमी त्यांना सापडले होते आणि त्यांतला एकही दगावला नव्हता. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. तिथूनच ही गोष्ट जगभर गेली. आपल्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १२९ आहे.

हेल्मेटच्या आतला तो थर्मोकोलसारखा थर चेपतो, आणि डोके थांबायला मिलिमीटरच्या जागी सेंटिमीटर मिळतात. थांबायचे अंतर दहापट झाले की मंदन दहाव्या हिश्श्यावर येते, हे अकरावीचे गणित. कवटीतला दाब बाहेरून अचूक मोजायचे यंत्र अजून पुरते हातात आलेले नाही, पण तो वाढूच नये याचे साधन आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या आरशांना लटकलेले असते. आणि मित्र गाडीवरून पडला, उठून हसला, तरी त्या रात्री त्याला रूमवर एकटे झोपू देऊ नका. डोके वाढत्या प्रमाणात दुखायला लागले, उलट्या झाल्या, बोलणे अडखळले, एक बाहुली मोठी दिसली किंवा झोपेतून नीट उठेना, तर सकाळची वाट न पाहता लगेच हॉस्पिटल गाठा. कुशिंग यांच्या तीन खुणा दिसेपर्यंत थांबायचे नसते.